डावी कूस

लोणावळ्याच्या बाजारात चाँदभाई पिंजाऱ्याचं गाद्यांचं दुकान होतं. दाढीवर कापूस, भुवयांवर कापूस; पोरं त्याला पाहून हसायची आणि तोही हसायचा. पण मोहल्ल्यात कुणी पुरुषमाणूस गेलं की पहिला निरोप त्यालाच. मयताला आंघोळ घालायचं काम त्याचं, आणि त्याबद्दल तो कुणाचं पानसुद्धा खायचा नाही. बोरीचा पाला घातलेलं कोमट पाणी, आधी उजवी कूस, मग डावी, शेवटी कापूर. हा क्रम त्याच्या हातांना पाठ झाला होता.

वडिवळ्याचा अब्दुलही त्याच्याच हाताखालून गेला. वलवणच्या वाटेवर डेन्बी नावाच्या साहेबाचा बंगला होता, तिथं अब्दुल घोड्यांचा मोतद्दार. खोगिराचा पट्टा सैल राहिला एवढ्यावरून साहेबानं त्याला भर अंगणात, नोकरांदेखत, लाथांनी तुडवलं. दिवस मावळेपर्यंत पोरगा गेला. डावी कूस धुताना चाँदभाईला बरगडीखाली बुटाच्या टाचेचा ठसा दिसला. लोखंडी नालाची काळीनिळी कमान, आणि तिच्यात खिळ्यांचे टिपके.

मयताच्या अंगावर जे दिसेल ते बाहेर बोलायचं नाही, असा या कामाचा रिवाज. अब्दुलची आई ताजुन्निसा, तिच्यासाठी चाँदभाईनं तो मोडला आणि पुण्याच्या कोर्टात साक्षीला उभा राहिला. ज्यूरीत बहुतेक गोरेच. सरकारी डॉक्टरनं सांगितलं, हिवतापानं मयताची पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजलेली होती, साध्या धक्क्यानंसुद्धा फुटली असती. मग साहेबाच्या वकिलानं चाँदभाईकडं मोर्चा वळवला.

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाई. गाद्या भरतो."

कोर्टात हशा पिकला. साहेब निर्दोष सुटला. म्हणजे माणूस मारला तो त्याच्याच पोटातल्या पानथरीनं, बूट बिचारा मध्ये उगाच आला! परतीच्या गाडीत चाँदभाई खिडकीशी बसला होता. समोर ताजुन्निसा. कामशेत गेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मंजी माझं पोरगं आपलं आपनच मेलं?"

पुढच्या साली पावसाळा सरता सरता मानमोडीचा ताप आला. घराघरांतून मयतं निघू लागली. पिंजण भिंतीला टेकून पडलं आणि चाँदभाईचे हात पाण्यातच राहू लागले.

मशिदीत बांग देणारे म्हातारे बांगीसाहेब तापानं गेले. आयुष्यात त्यांना कुणी बोट लावलं नव्हतं. चाँदभाईनं त्यांची उजवी कूस धुतली, मग डावी धुवायला घेतली.

बरगडीखाली नालाची कमान. आत खिळ्यांचे टिपके.

दुसऱ्या मयतावरही तेच. त्याच्या पुढच्यावरही. जागरणानं डोळे बिघडले असं त्यानं स्वतःला समजावलं. मग एक दिवस गवळीवाड्यातला भिमाजी दुकानाच्या पायरीशी येऊन घुटमळला.

"चाँदभाई, तुमी मयतं धुता म्हून इचारतो. आमच्या आबाला न्हाऊ घातलं तवा बरगडीखाली डाग दिसला. ताप सोडून आबाला काय बी झालं नव्हतं."

"नालावानी?"

भिमाजीचा चेहरा उतरला. "तुमाला कसं ठावं?"

चाँदभाईनं हे ताजुन्निसाला सांगितलं. तीही तापानं फणफणलेली, खोकून खोकून वाकलेली. पण ती घाबरली नाही, उलट उठून बसली.

"ज्यांनी काय न्हाई केलं त्यांच्या अंगावर उमटतंय, मंग त्याच्या तर उमटंलच. खुदाच्या कोर्टात ज्यूरी नसती, चाँद. त्यो मरंस्तोवर मी मरायची न्हाई."

आणि साहेब मेला. त्याच तापानं. बंगल्यातले नोकर पळून गेले होते, पाद्री पुण्याहून यायचा होता. भर दुपारी बटलर धापा टाकत दुकानात आला. साहेबाला धुवायला कुणी तयार होईना. पिंजाऱ्यानं यावं, मागेल ते मिळेल.

चाँदभाई काही न मागता निघाला. मागून ताजुन्निसा खोकत खोकत आली आणि बंगल्याच्या फाटकाशी बसली.

न्हाणीघरात उजेड चांगला होता. तरी त्यानं खिडकीचे पडदे ओढून बाजूला केले.

आधी उजवी कूस. काही नाही.

या एका क्षणासाठीच त्यानं एवढी मयतं धुतली, असं त्याला वाटलं. त्यानं साहेबाला कुशीवर वळवलं.

डावी कूस.

काही नाही.

त्यानं ओल्या फडक्यानं घासलं. पुन्हा घासलं. कातडी लोण्यासारखी नितळ. साहेबाच्या गालावर घोड्यावरून पडल्याचा जुना वण होता, सगळ्या बाजाराला माहीत. तोही नव्हता.

दंडावर देवी काढल्याचा डाग नव्हता.

त्यानं साहेबाची मूठ उघडली. तळहातावर एकही रेष नव्हती. कोर्टानं सोडला होता तसाच निर्दोष, कोरा.

कापूर लावायचा राहिला तो राहिलाच. चाँदभाई भिंतीला धरून बाहेर आला. फाटकाशी ताजुन्निसा मान वर करून त्याच्याकडं पाहत होती. तिच्या ओठांवर रक्त होतं.

"व्हता का रं?"

तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"व्हय, मावशी. लय ठळक व्हता."

तिनं ते लगेच खरं मानलं.