चिंचोका कुठे आहे?

खोक्यात माशाचे आठ तुकडे होते. आठही दगडासारखे टणक, आठही सारख्याच पारदर्शक पिशव्यांत बंद. त्यांतले काही खाल्ले असते तर माझे बाबा कदाचित पुन्हा इस्पितळात गेले असते. ते 'काही' म्हणजे नेमके कुठले, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही. आणि हा सगळा घोळ घातला होता मीच.

मी नीरजा पावसे, वय वर्षं अकरा. आम्ही मूळचे हर्णै बंदराचे, पण दोन वर्षांपासून नॉर्वेच्या उत्तर टोकाला स्कारविक नावाच्या गावात राहतो. नकाशात शोधू नका, सापडणार नाही, इतकं ते लहान आहे. बाबा समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करतात, आई वृद्धाश्रमात परिचारिका आहे. डिसेंबरात इथे सूर्य उगवतच नाही. दुपारी तीनला खिडकीबाहेर बघावं तर मिट्ट काळोख. मला त्या काळोखाची भीती वाटते, हे मी शाळेत कुणाला सांगितलेलं नाही.

त्या डिसेंबरात बाबांना न्यूमोनिया झाला. अठरा दिवस ते इस्पितळात होते. घरी सोडायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी आईला बजावलं, "यांची प्रतिकारशक्ती (रोगाशी लढायची शरीराची ताकद) फार कमी झाली आहे. पोटात साधा संसर्ग झाला तरी जिवावर बेतू शकतं." हे मी दाराआडून ऐकलं. तेव्हापासून 'जिवावर' हा शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हता.

बाबांना कशालाच चव लागत नव्हती. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. आंबट कालवण.

ताजा मासा इथे मिळतो, पण आम्हाला परवडेल असा नाही. म्हणून आई, मी आणि खवल्या गोठवलेला मासा आणायला गेलो. खवल्या म्हणजे आमचा घरकामाचा यंत्रमानव. उंचीला माझ्या कमरेइतका, पाठीवर खवल्यांसारखे पत्रे. मराठी त्याला बाबांनी शिकवली, त्यामुळे एरवी तो बंदरावर वाढल्यासारखा बोलतो. शास्त्र सांगायला लागला की मात्र एकदम पाठ्यपुस्तक होतो.

मासा घ्यायचा तर डोळा बघायचा, कल्ला उचलून लाल आहे ना बघायचं, ही आईची आयुष्यभराची रीत. पोलॉक नावाच्या पांढऱ्या माशाचं सगळ्यांत स्वस्त, पारदर्शक झाकणाचं खोकं तिने चारी बाजूंनी फिरवलं आणि ती वैतागून म्हणाली, "याला ना डोळा, ना कल्ला. भरवसा ठेवायचा कशावर?"

"डोळा नाय तर कडा बघा, वैनी," खवल्या म्हणाला. "खोक्यावर फक्त मासा लिवलाय ना? पाणी घालून फुगवलेला नाय ना? पिशवीत बर्फाचा भुगा नाय ना? तुकडा सुरीने कापल्यासारखा सरळ हाय ना? मग स्वस्त हाय म्हणून नाक मुरडू नका."

महाग खोक्यांवर तापखूण होती (मासा मध्येच वितळला तर कायमचा लाल होणारा ठिपका). आमच्या खोक्यावर नव्हती.

आता माझा पराक्रम ऐका. बाबा गुरुवारी येणार होते. त्याआधी मला कालवणाची रंगीत तालीम करायची होती, तीही एकटीने. मंगळवारी सकाळी आई कामावर गेली. मी खवल्याला चार्जिंगला पिटाळलं, खोक्यातून हाताला लागले तेवढे तुकडे काढले आणि भिंतीजवळच्या हीटरवर ठेवून शाळेत गेले. हर्णैला आत्याकडे मासा होडीतून उतरतो आणि दुपारच्या जेवणात संपतो. गोठलेला मासा वितळवायचा कसा, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

सात तासांनी परत आले तर तुकडे कोमट आणि लिबलिबीत. पिशव्यांत पाणी सुटलेलं. आई यायची वेळ झाली होती. मी घाबरून ते सगळे परत खोक्यात कोंबले आणि फ्रीजर लावून टाकला. मनाशी म्हटलं, गोठले की सगळे जंतू मरतीलच, मग काय बिघडलं? किती तुकडे काढले होते, तेही मोजलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी कामावर निघताना आई दारातून म्हणाली, "निरू, दोन तुकडे सकाळीच खाली फ्रीजमध्ये काढून ठेवलेत. चिंच भिजत घातलीय. सहा वाजता बाबांना कालवण दे हं. खवल्या आहेच."

दार लागलं. कुठले दोन?

मी फ्रीज उघडला. ताटलीत दोन पिशव्या होत्या, आतला मासा अर्धवट वितळलेला. एकीत बरंच पाणी होतं, दुसरीत थोडंसं. आतल्या खोलीत बाबा झोपले होते, त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी आईला फोन लावला. तिने तो उचलला नाही, कामावर असताना ती फोन कपाटात ठेवते. मग मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि रडायला लागले.

"काय गो बाय," खवल्या आला, "चिंच बघूनच तोंड आंबट झालं?"

मी त्याला सगळं सांगितलं. हीटर, सात तास, परत कोंबलेले तुकडे.

"पण गोठल्यावर जंतू मरतात ना?" मी विचारलं.

"नाही," तो एकदम पाठ्यपुस्तक झाला. "थंडीने माशातले काही किडे मरतात. पण जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव) बहुतेक नुसते झोपतात. तू त्यांना हीटरवर उठवलंस. उबेत ते एकाचे दोन, दोनाचे चार होत जातात, आणि सात तासांत त्यांची संख्या मोजता येणार नाही इतकी होऊ शकते. मग तू त्यांना परत झोपवलंस. मेले नाहीत, फक्त गर्दी वाढली."

"मग खूप उकळूया!"

"उकळल्याने जिवाणू मरतील. पण त्यांच्यातले काही आपलं विष मागे ठेवून मरतात, आणि ते विष उकळूनही जात नाही."

"वास घेऊन बघू?"

"वास मारणारे जिवाणू वेगळे, आजारी पाडणारे वेगळे. नाकावर बाबांचा जीव टांगू नको." मग आवाज बदलून तो हळूच म्हणाला, "आणि मला तर नाकच नाय गो."

एरवी मी हसले असते.

मला वाटलं, सगळा मासा फेकून द्यावा आणि बाबांना सूप द्यावं. पण कालपासून त्यांनी तीन वेळा विचारलं होतं, "शुक्रवारी ना?" अठरा दिवसांत त्यांनी स्वतःहून मागितलेली ती एकच गोष्ट होती.

"खवल्या, चांगले तुकडे ओळखता येणारच नाहीत का?"

"येतील कदाचित. खोकं आण."

मी उरलेले सहा तुकडे टेबलावर मांडले. खवल्याने छातीतला दिवा लावला.

"ऐक. मासा पेशींचा बनलेला असतो (पेशी म्हणजे पाण्याने भरलेल्या इवल्या इवल्या पिशव्या). कारखान्यात तो अतिशय कडक थंडीत झटपट गोठवतात. पाण्याच्या कणांना एकत्र जमायला वेळच मिळत नाही, म्हणून बर्फाचे स्फटिक (नेमक्या रचनेत जुळलेले कण) बारीक होतात, मिठासारखे. पेशी पुष्कळशा शाबूत राहतात. घरच्या फ्रीजरमध्ये तोच मासा सावकाश गोठतो. मग स्फटिक खडीसाखरेसारखे मोठे आणि टोकदार होतात. ते काय करतील?"

"पेशींना भोकं पाडतील."

"आणि भोकं पडली की?"

"पाणी गळेल!" मी एक पिशवी दिव्याखाली धरली. एका कोपऱ्यात गुलाबीसर बर्फाचा गोळा साचला होता. "हे बघ! हे गळलेलं पाणी. वितळला तेव्हा सुटलं आणि इथे परत गोठलं."

तसे तीन तुकडे निघाले. तिन्हींच्या कडाही गोल झाल्या होत्या, एक तर शेजारच्यावर रेलून वाकडा झाला होता. उरलेल्या तिघांच्या पिशव्या माशाला त्वचेसारख्या घट्ट चिकटलेल्या होत्या.

"म्हणजे मी तीनच काढले होते! फ्रीजमधले दोन चांगले आहेत!" मी उडीच मारली.

"खात्री आहे?"

मी आठवायचा प्रयत्न केला. हीटरवर तीन होते? की चार? की पाच? खूप आठवलं, पण मला फक्त शाळेला झालेला उशीर आठवत होता.

"नाही," मी म्हटलं. हा एवढासा शब्द उच्चारायला मला फार कष्ट पडले.

"मग ते दोन गेले. वितळताना चांगल्या माशालाही थोडं पाणी सुटतं, त्यामुळे आता त्यांचा निवाडा होणार नाही. जिथे शंका, तिथे कचरापेटी."

"पण हे तीन तरी नक्की कशावरून? यांच्यात खूण नाही म्हणून?"

"शाबास. खूण नसणं पुरत नाही. पण यांच्या कडा बघ."

मी बोट फिरवलं. कोपरे पट्टीने आखल्यासारखे काटकोनी होते, करवतीच्या बारीक रेघासुद्धा तशाच. मला दुकानातलं त्याचं बोलणं आठवलं. हे तुकडे गोठलेल्या लादीतून कापलेले होते. मऊ पडले असते तर कडा बसल्या असत्या, आणि बसलेली कडा पुन्हा गोठवून सरळ होत नाही.

"हे तीन कधीच वितळले नाहीत," मी म्हटलं. या वेळी मला खात्री होती.

पाच तुकडे कचऱ्यात गेले. पाच वाजले होते. खवल्याने शिकवलं तसं मी चांगले तुकडे बंद पिशवीतच थंड पाण्याच्या बारीक धारेखाली धरले. गरम पाण्यात बाहेरची बाजू उबदार होते आणि आतली गोठलेलीच राहते, म्हणून थंड. अर्ध्या तासात ते वितळले. मी टिपून कोरडे केले, मीठ-हळद लावली. आत्या सुरमईला तासभर कोकमाचं आगळ लावून ठेवते, पण खवल्याने दहाच मिनिटं दिली. "हा मासा नाजूक. याच्या मांसाच्या पाकळ्या पातळ पडद्यांनी जोडलेल्या असतात आणि ते पडदे उष्णतेने लगेच विरघळतात. कालवण आधी उकळ, मासा शेवटी सोड. आणि ढवळायला डाव घालशील तर बघ! टोप धरून हलव."

ते मला माहीत होतं. आत्याही टोपच हलवते. पाच मिनिटांत तुकडे दुधासारखे पांढरे झाले. खवल्याने सर्वांत जाड तुकड्यात आपली सुई खुपसली. "सत्तर अंश. झाला."

वास घरभर पसरला आणि बाबा भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आले. अठरा दिवसांनी मी त्यांना असं उठलेलं बघत होते. मी वाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी हात पुढे केला, आणि मी वाटी परत ओढली.

"आधी ऐका," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. आता ते जेवणार नाहीत, माझ्यावर पुन्हा कधी भरवसा ठेवणार नाहीत, असं वाटत होतं.

बाबा थोडा वेळ खोकले. मग म्हणाले, "हर्णैला आमच्या होडीवर एक नियम होता, निरू. ज्याला पाणी शिरताना दिसलं, त्याने पहिलं ओरडायचं. भोक कुणी पाडलं ते किनाऱ्याला लागल्यावर बघू. तू तीन दिवस ओरडली नाहीस, ते चुकलं. आज ओरडलीस." त्यांनी वाटी आपल्याकडे ओढली. "दे भात."

पहिला घास त्यांनी डोळे मिटून खाल्ला.

"पापलेट नाय," ते म्हणाले, "पण आंबट झकास झालंय." आणि त्यांनी आणखी भात मागितला.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दर तासाला मी त्यांच्या दाराशी जाऊन ऐकून येत होते. सकाळी ते स्वतः चहा करायला उठले, तेव्हा कुठे मी जाऊन झोपले. आईला मी सगळं सांगितलं. ती रागावली, मग मला जवळ घेऊन पुन्हा रागावली.

भिजवलेल्या चिंचेतले चिंचोके ओट्यावर पडले होते. ते बघून मला युक्ती सुचली. मी एका छोट्या बाटलीत पाणी गोठवलं आणि बर्फावर एक चिंचोका ठेवला. बर्फ वितळला तर चिंचोका बुडणार, आणि पाणी परत गोठलं तरी तो तळाशीच राहणार. आमची घरगुती तापखूण!

"हे माझ्या माहितीत नव्हतं," खवल्या म्हणाला, आणि त्याने ते साठवून घेतलं. आता आई वृद्धाश्रमासाठीही तशा बाटल्या करून नेते. शाळेतल्या बाई म्हणतात, मासेमारी बोटींवरही त्या चालतील का, ते आपण उन्हाळ्यात तपासू.

रोज सकाळी बाबा विचारायचे, "निरू, चिंचोका कुठे?" आणि मी ओरडायचे, "वर!"

जानेवारीच्या अखेरीस सूर्य परत येतो. तो बघायला आम्ही सगळे टेकडीवर गेलो आणि दिवसभर तिथेच राहिलो. बाबाही चढले, मध्ये दोनदाच थांबून. घरी आल्यावर मी फ्रीजर उघडला तर बाटलीत सगळं पाणी, आणि चिंचोका तळाशी.

"खाली!" मी ताबडतोब ओरडले. "खाली आहे! मासा टाकायचा!"

सगळे धावत आले. फ्रीजरचं दार नीट लागलंच नव्हतं. बाबांनी माशाची पिशवी उचलून कचऱ्यात टाकली आणि कुणालाच काही विचारलं नाही.

मागून पत्र्यांचा आवाज झाला. खवल्या मान खाली घालून उभा होता.

"भोक मीच पाडलं गो," तो म्हणाला.