शेपटीवर उभा घोडा

फळी रिकामी. धुळीत तेवढाच चौकोन स्वच्छ.

"चार वाजता रोह्याच्या चौकात पाटी लागणार," हैबतराव म्हणाले. "पुतळ्याखाली नाव मुंबईच्या शिल्पकाराचं. घडवला माझ्या आजोबांनी. त्यांचा कच्च्या शाडूचा नमुना हाच पुरावा. काल संध्याकाळपासून नाय."

पुतळा सगळ्यांच्या ओळखीचा. विलायती बरोक थाटात मागच्या पायांवर उधळलेला घोडा, वर राजा, शेपटी चौथऱ्याला टेकलेली.

अकरा वाजले होते. पुंडलिक सारखा घड्याळ बघत होता. त्याची मालकीण, गुप्तहेर नूतन, हैबतरावांच्या पेणच्या मूर्तिशाळेत टेबलाखाली वाकली होती. तिथे एक पाट. पाटावर मूठभर ओलसर वाळू.

"एप्रिलात गणपती, ताई?" पुंडलिक हसला. ती हसली नाही.

कुलूप शाबूत होतं. काल आत आले तिघं.

पुतण्या साईराज म्हणाला, "मला तो विकायचा होता. गिऱ्हाईक तयार हाय. काका ऐकत नाय."

मुंबईच्या शिल्पकाराचा नातू मितेश म्हणाला, "काल बघून गेलो, बस. आमच्याकडे आजोबांचं मूळ चित्र आहे." चित्रातल्या घोड्याची शेपटी हवेत उडत होती.

तीस वर्षं मूर्तींचे डोळे आखणारी बायजाबाई म्हणाली, "झाडलोट केली नि घरी गेले गो."

"मितेशच," पुंडलिक पुटपुटला. "फायदा त्याचा."

"त्यानं पोत्यात भरून नेला असता. साईराजला विकायला अख्खा हवा होता." नूतनने पाट पुढे सरकवला. "चोर पाटावरून नेतो? रिकाम्या पाटावर नदीची वाळू परत आणतो? ही विसर्जनाची रीत; भंगलेली मूर्तीही अशीच पाण्यात सोडतात. नमुना जिच्या हातून भंगला, तिला तो कचऱ्यात टाकवला नाही. कुठं सोडलात, बायजाबाई?"

बायजाबाई हैबतरावांकडे वळली. "फडकं अडकलं, शेट. मान तुटली. तीस वर्सांत माझ्या हातून एक मूर्ती फुटली नव्हती. भोगावतीत सोडला. हात जोडले."

हैबतरावांनी रिकाम्या फळीकडे पाहिलं. "शाडू ती. विरघळली."

"माती धरायला आत सळई असते, ती नाही विरघळत," नूतन म्हणाली. "उधळलेला घोडा दोन पायांवर तोल धरत नाही. शेपटी हा त्याचा तिसरा पाय. मितेशच्या चित्रातला घोडा पडला असता."

दीड वाजता बायजाबाई गुडघाभर पाण्यात उतरली. वर आली ती गंजकी सळई घेऊन: दोन पाय, आणि जमिनीपर्यंत वाकवलेली शेपटी. शेपटीवर हैबतरावांच्या आजोबांचं नाव ठोकलेलं.

मितेशने सळई चित्रातल्या घोड्याशेजारी धरली. मग त्याने चित्राची घडी घातली. "पाटी थांबवायला मी सांगतो."

गाडी रोह्याकडे निघणार, तेव्हा बायजाबाई काठावरच उभी होती.

हैबतरावांनी पुढचं दार उघडलं. "बस गो. कसा तुटला, ते तूच सांग."