मुक्या तितरांचा माळ

माळावर सरकारी कान उभे राहिल्यापासून तितर मोजायला माणूस लागत नाही. कानखांब म्हणतात त्यांना. पुरुषभर उंचीचा खांब आणि त्यात यंत्र. जो जीव ओरडेल त्याला ते आवाजावरून ओळखतं आणि नोंदवतं. पिंजऱ्यातला पाळीव आवाज तेवढा वगळतं. हिशेब सोपा, बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, गप्प बसेल तो मोजणीत नाहीच. त्या आकड्यावरून पारध्यांना शिकारीचे परवाने मिळत, आणि गेली काही सालं आकडा नुसता घसरत होता. यंदा तर एकही हाक ऐकू आली नाही. आता माळ निर्जीव ठरणार, कुंपण पडणार आणि पारध्यांची वस्ती उठणार. हरकत असेल तर परवानेवाल्यांनी सोमवारच्या सुनावणीत सांगावं, असा निरोप आला.

शिकाऱ्यांची म्होरकी जयवंता पवार हबकून गेली. शिकाऱ्याला पाखराची काळजी, असं म्हटलं की शहरातली माणसं हसतात. हसोत बापडी. पाखरू सरलं की आधी चूल कुणाची विझते?

तिने डॉक्टर प्रणव खासनीसांना बोलावून घेतलं. पक्ष्यांच्या पिढ्यांत स्वभाव कसा उतरतो, हा त्यांचा अभ्यास. सकाळी दोघं झुडपाआड बसली. समोर पिंजऱ्यात जयवंताचा पाळीव तितर, भोवती फासे. तितर ऊर फाटेस्तोवर ओरडत होता. रीत जुनी आहे. परक्या नराची हाक ऐकली की रानातला नर उत्तर देतो, भांडायला धावून येतो आणि फाशात अडकतो. आज उत्तरच येत नव्हतं.

"संपलं बघा," जयवंता म्हणाली.

डॉक्टरांनी अंगच्या उष्णतेवरून जिवंत प्राणी दाखवणारी दुर्बीण तिच्या हाती दिली. तिने ती डोळ्याला लावली. झुडपाझुडपाखाली उजळ ठिपके बसले होते. तितरच तितर.

"आन मग वरडत का न्हाईत मेले?"

"मावशी, तुमच्या आजेपणज्यांपासून फाशात कोण सापडलं? उत्तर देणारे. मग पिल्लं कुणाची वाढली? गप्प बसणाऱ्यांची. त्या पिल्लांतही जी जास्त गप्प, ती जगली. असं होता होता सगळं रान मुकं झालं. याला आम्ही मूकनिवड म्हणतो. निवडणारे तुम्हीच होता, फक्त तुम्हाला ठाऊक नव्हतं."

जयवंताला हसूच फुटलं. पाखरं होती, म्हणजे माळ वाचणार होता. "मग ही दुर्बीणच दाखवा की सायबाला."

"नियमात आवाजच धरतात. नाहीतर परवानेवाल्याची तोंडी साक्ष. नाव पुकारलं की उठायचं आणि सांगायचं, पाखरं आहेत, मी पाहिली. माझं बोलणं तिथं चालत नाही."

तिचं हसू मावळलं.

"आमच्यात नाव पुकारल्यावर ओ देत न्हाईत, डॉक्टर. माझ्या आज्याच्या वक्ताला शिपाई येऊन नावं पुकारायचे. ओ दिली त्यो गेला, परत आला न्हाई. गप ऱ्हायला त्याची आम्ही लेकरं."

"ते रक्तातलं नाही मावशी, शिकवलेलं आहे. सोडता येतं."

"आमाला कुनी शिकवल्याचं आठवत न्हाई," जयवंता म्हणाली.

सोमवारी सुनावणीच्या मांडवात सगळी वस्ती जमली. अधिकारी बाहेरगावचा होता, पण भला माणूस. प्रत्येक नाव दोनदा पुकारत होता. ज्याचं नाव पुकारलं जाई तो समोरच मान खाली घालून बसलेला असे. डॉक्टर मागे उभे राहून चुळबुळत होते. जयवंताने मात्र उठायचं पक्कं ठरवलं होतं. वाक्यही घोकून ठेवलं होतं.

"जयवंता शिसपाल पवार."

जीभ टाळूला चिकटली. भीती कसली, तेही तिला सांगता आलं नसतं. मांडवात शिपाईसुद्धा नव्हता.

"जयवंता पवार आहेत का?"

मांडीवरची चार वर्षांची नात खुशीत उसळली. आजीचं नाव तिला ठाऊक होतं. "ही काय, माझी आ..."

पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. तिच्या तोंडावर हात घट्ट बसला होता. तो आपलाच आहे हे जयवंताला जरा उशिरा कळलं.

अधिकाऱ्याने पुढचं नाव घेतलं. जयवंताने हात काढला. नात तिच्याकडे टक लावून बघत राहिली. आता तिचं तोंड मोकळं होतं, पण ती काही बोलली नाही.