खालून न आलेलं पाणी

ज्युड हॉस्पिटलात भरती झाला तेव्हा त्याच्या झाडांना पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. इथे कॅनडात, कोक्विटलाममध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, आणि क्लॅरिसावहिनी दिवसभर त्याच्या उशाशी बसलेल्या. म्हटलं, झाडंच तर आहेत.

झाडं म्हणजे बोन्साय, तेही मुठीत मावतील एवढे. घरामागच्या लाकडी डेकवर त्यांची रांग होती. ज्युडचा खरा जीव मात्र कुंड्यांवर. जपानहून मागवलेल्या, हाताने घडवलेल्या, चकचकीत झिलईच्या. शेवटची आली ती निळी, चहाच्या कपाहून लहान. तिच्यात तपकिरी जपानी मातीचे दाणे भरून त्याने एक इवलासा मेपल लावला आणि मुळं तारेने बांधून टाकली. त्याच सुमारास त्याला खोकला सुरू झाला. तेव्हा कुणाच्याच काही मनात आलं नाही.

"खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचं," त्याने फोनवर सांगितलं. "आलं की थांबायचं. सिंपल."

सगळ्या कुंड्यांतून आलं. निळीतून येईना. मी झारी रिकामी केली, पुन्हा भरून आणली. माती बारीक सूं आवाज करत पीत राहिली. शेवटी कुंडी उचलून पाहिली. भोक मोकळं, तळ कोरडा ठणठणीत, वजनही होतं तेवढंच. मी इंजिनिअर माणूस. पाणी कुठेतरी जायला हवं, एवढं मला कळतं.

दुपारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, फुप्फुसात परत पाणी झालं. सकाळीच काढलं होतं हो... डॉक्टर म्हणतात, एवढं येतंय कुठून तेच कळत नाही."

एकदा झालं तर योगायोग म्हणता येतो. पण मी झारी घेतली की दुपारी फोन यायचाच. मग मी वॉर्डात जाऊन आलो. ज्युडच्या बरगडीतून निघालेली नळी पलंगाखालच्या बाटलीत उतरत होती. बाटलीतलं पाणी नळाच्या पाण्यासारखं नितळ होतं. वाकलो तेव्हा ओल्या मातीचा वास आला. नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, तिला कसलाच वास येत नाही.

मी घाबरलो. कुणाला सांगावं, तर शेजारच्या पलंगावर मलाच झोपवलं असतं. घरी आलो, निळी कुंडी उचलली आणि ज्युडच्या वॉशरूममधल्या कपाटात ठेवून दिली. पाण्याचा थेंब घातला नाही.

मेपल वाळत गेला आणि ज्युड सुधारत गेला. झाडाचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. मला मित्र हवा होता.

डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी वहिनी स्वयंपाकासाठी घरी थांबल्या आणि त्याला आणायला मी गेलो. परत येताना पावसाला सुरुवात झाली. पुढे कुठेतरी अपघात झाला असावा, गाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या. तेवढ्यात वहिनींचा फोन आला, गाडीच्या स्पीकरवर.

"भाऊजी, मेपल कपाटात का ठेवलात? पार वाळला बिचारा. मी डेकवर ठेवलाय, पाऊस लागू दे जरा."

"वहिनी, आत घ्या," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता..."

"अहो, पण का?"

ज्युड हसला. "क्लॅरिसा, याचं ऐकू नको. पावसाचं पाणी बेस्ट असतं. राहू दे बाहेर."

"बघा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी परत लावला. रिंग वाजत राहिली.

काचेवर पावसाचा जोर वाढला. शेजारी ज्युड खोकला. थांबला, पुन्हा खोकला, या वेळी बराच वेळ.

"काही नाही... एसी बंद कर," तो म्हणाला. गाडीत ओल्या मातीचा वास भरला होता. एसी मी लावलाच नव्हता.

त्याने तोंडावरचा रुमाल काढून उघडला, नीट पाहिला आणि माझ्यापुढे धरला.

"हे काय आहे रे?"

रुमालात तपकिरी मातीचे ओले दाणे होते. त्यातल्या एकाला केसाएवढं पांढरं मूळ फुटलं होतं.