बाराव्या पानावरची कायकी

मला पक्ष्यांचे पाय काढता येत नाहीत. चोच जमते, पिसं जमतात, डोळ्यातला पांढरा ठिपकाही बरोबर पडतो. पण पाय काढायला घेतले की बटाट्याला कोंब फुटल्यासारखे दिसतात. मी कुठे चित्रकला शिकायला गेले नाही. लग्नानंतर नाशिक रोडच्या क्वार्टरमध्ये, दुपारी भांडी आवरून झाली की किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरची चित्रं गिरवत बसायची, तेवढंच माझं शिक्षण. त्यामुळे माझ्या पुस्तकांतली पाखरं गवतात उभी असतात, नाहीतर पानाआड बसतात. बदक पाण्यात असतं, म्हणून बदक माझं फार लाडकं. आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

'पंखवाले शेजारी' हे माझं चौथं पुस्तक. लहान मुलांसाठी बारा पानं, बारा पाखरं. प्रत्येक पाखरू चार ओळी स्वतःबद्दल बोलतं आणि शेवटी मुलांना काहीतरी सांगतं. चिमणी म्हणते, मला दाणे टाका. बुलबुल म्हणतो, माझं घरटं मोडू नका. अकरा पानं झाली होती आणि बाराव्यासाठी छपाई अडली होती.

म्हणून जानेवारीत मी पेठच्या वाटेवरच्या पाड्यावर कुसाबाईंकडे गेले. त्यांना रानातलं सगळं ठाऊक. आधीची पाच पाखरं त्यांनीच दाखवली होती. दुपारची वेळ होती. त्या ओट्यावर नागली पाखडत होत्या, मी वही मांडीवर घेऊन बसले होते. समोरच्या करवंदीच्या जाळीतून शीळ आली. दोन सूर, आणि तिसरा अर्ध्यात तुटलेला. पाखरू दिसलं नाही. मी विचारलं, हा कोण?

कुसाबाईंनी मान वर केली नाही. "काय की," म्हणाल्या.

मी वहीत लिहिलं: कायकी.

खरं सांगते, परतीच्या बसमध्येच मला शंका आली होती. माझी आईसुद्धा एखादी गोष्ट ठाऊक नसली की हेच म्हणायची. पण टकाचोर नावाचं पाखरू असतं, कोतवाल असतो, मग कायकी का नसावी, अशी मी माझी समजूत घातली. बारावं पान भरत होतं ना. घरी येऊन मनानेच पाखरू काढलं: राखाडी, डोळ्यावर पांढरी भुवई, पाय अर्थातच गवतात. खाली लिहिलं, 'मी कायकी. मी सहसा दिसत नाही. मला नावाने हाक मारा, मी येईन.'

प्रकाशक विश्वेशने एकदा विचारलं की हे नाव कुठेच कसं सापडत नाही. स्थानिक नाव आहे, असं मी इतक्या ठामपणे सांगितलं की त्याने माफी मागितली.

पुस्तक मार्चमध्ये आलं आणि आवडलंही. लोकांना बारावं पान विशेष आवडलं. एका समारंभात माझ्या शोधक वृत्तीचं कौतुक झालं, मी शालीची घडी नीट करत मान खाली घालून ऐकलं. लोकांना तो विनय वाटला.

ऑगस्टमध्ये विश्वेशने मुलांच्या चित्रांचं पाकीट पाठवलं. सिन्नरच्या एका शाळेतली सतरा आणि सातपूरच्या एका बालवाडीतली नऊ. आवडीचं पाखरू काढा, असं सांगितलं होतं. सव्वीसच्या सव्वीस मुलांनी कायकी काढली होती. रंग माझेच, भुवई माझीच. पण एकाही चित्रात गवत नव्हतं. प्रत्येकात पाय होते.

तीन.

पाचसहा वर्षांची मुलं पाय मोजून काढत नाहीत, हे मला कळतं. एखाद्याचे तीन होतात, एखाद्याचे चार. सव्वीस जणांचे तीन होत नाहीत. शिवाय मधला पाय सगळ्यांनीच जरा आखूड काढला होता. या दोन शाळांतली मुलं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत.

मी दुसऱ्या दिवशी कुसाबाईंकडे गेले आणि पुस्तक पुढ्यात धरलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. त्या पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अवं बाई, काय की म्हनले मी. मला ठाव नाय म्हनले. ते तुमी छापलं व्हय?"

मीही हसले. दुसरं काय करणार? मग त्या चित्रावर बोट टेकवून बघत राहिल्या.

"पन त्या दिशी वाजत काय हुतं? मला तर काय आयकू आलं नाय. तुमी जाळीकडं बघून इचारलं, हा कोन. मला वाटलं, मानूस दिसला का काय."

घरी आले. विश्वेशला फोन करून सांगायचं होतं. दुसरी आवृत्ती छपाईला जाणार होती. तीन दिवस फोन हातात घेतला आणि ठेवला. चौथ्या दिवशी आवृत्ती छापून झाली.

आमच्या खालच्या मजल्यावर मृण्मयी राहते. ती सातपूरला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे, त्यामुळे तिची सहा वर्षांची वेदिका शाळा सुटल्यावर माझ्याकडे असते. माझी चित्रं सगळ्यात आधी तीच बघते. परवा मृण्मयी वर आली, पण बसली नाही. वेदिका अर्धी पोळी खिडकीत ठेवते म्हणाली. खेळायला जात नाही, कायकी एकटी पडेल म्हणते. आदल्या रात्री अंथरुणात भिंतीकडे सरकून झोपली होती, निम्मी गादी रिकामी सोडून.

"ताई, तुम्हीच सांगा तिला. माझं ऐकत नाही. म्हणते, मावशी खोटं छापत नाही."

मला तिच्याकडे बघवेना. सांगते म्हणाले.

काल चार वाजता वेदिका आली. आम्ही नेहमीसारख्या सतरंजीवर बसलो. पंखा फिरत होता, खाली भंगारवाला ओरडत होता. मी पुस्तक बाराव्या पानावर उघडलं. हाताला घाम आला होता. शालीच्या वेळी आला नव्हता.

"वेदू, कायकी नावाचं पाखरू नसतं. मी न बघताच काढलं. नावही चुकीचं लिहिलं, आणि चूक कळली तरी कुणाला सांगितलं नाही."

मला वाटलं होतं, ती रडेल. ती माझ्याकडे बघत राहिली. मोठ्या माणसाची कीव आल्यावर मुलं बघतात तशी.

"मग तिचं खरं नाव काय?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला खरं उत्तर द्यायचं होतं.

"काय की," मी म्हणाले.

म्हटल्यावर मला कळलं, मी तिला नावाने हाक मारली होती.

भंगारवाला ओरडायचा थांबला होता. पाठीमागच्या खिडकीतून शीळ आली. दोन सूर. आणि या वेळी तिसरा पूर्ण झाला.

मग फरशीवर आवाज आला. टक, टक आणि एक हलका टक.

मी वळले नाही.

वेदिका सतरंजीवर जरा बाजूला सरकली आणि तिने आम्हा दोघींच्या मध्ये जागा केली.