पहिल्या हाकेला ओ

कंदील जरा बारीक कर रं भावकू. आन् हसायचं असंल तर आत्ताच हसून घे, मागनं दात काढशील तर कान उपटीन. ही गोष्ट माझ्या सख्ख्या काकीनं, तारामतीनं, मला तिच्या तोंडानं सांगितलीया. काकी खोटं बोलणारी बाई न्हवती.

लढाईची सालं. आमचा कलगोंडा आप्पा, काकीचा नवरा, सकाळी मोटंचा नाडा बदलायला मळ्यात गेलता. साधं काम. पर वरचं चाक निसटलं, डोस्क्यात बसलं, आन् आप्पा हिरीत पडला. गड्यांनी वर काढला. डाक्टरानं डोस्कं शिवलं आन् सांगितलं, "वरची जखम भरंल. आत मेंदूला लई मार बसलाय. बोलणं गेलंय, उजवा हात गेलाय. ल्हान पोरागत एकेक शब्द शिकवा. धीर सोडू नका."

काकीनं धीर सोडला न्हाय बघा. भरवायची, पुसायची, हाताला तेल चोळायची. पर आप्पा तिच्याकडं परक्या बाईकडं बघावं तसा बघायचा. तिथं ती खचायची. "हातपाय ऱ्हाऊ देत," म्हणायची, "मला वळखलं तरी बास."

घर निजलं की शिकवायला बसायची. परसाकडच्या खिडकीजवळ, अंधारात. रॉकेल कुठलं मिळतंय तवा? हळूच म्हणायची, "म्हणा, पाणी. म्हणा, भाकरी. म्हणा, कवाड." आन् शेवटी, "म्हणा, तारा." अरं, तवा नवरा-बायकू एकमेकाचं नाव घेत न्हवती! सासूनं ऐकलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून त्यो शब्द रातीचाच. आप्पा नुसता बघत बसायचा.

अखितीची आदली रात. कोर कवाच बुडालेली. काकीचा डोळा लागलेला, आन् भायेरनं हाक आली.

"तारा..."

आप्पाचा आवाज. पैल्यासारखा, खणखणीत.

आता रातीची पैली हाक कोण घेतं का? तिसरीपतुर गप ऱ्हायाचं, ल्हान पोरालाबी ठावं हाय. पर त्या बाईनं ह्या एका शब्दापायी वरीसभर रातीचा दिवस केलता. तिला वाटलं, मालक उठून चालत भायेर गेलं... आन् आपल्याला वळखलं! "ओ! आले, आले," म्हणाली. रडतच उठली. झोपंच्या भरात कडीला हात घातला.

भायेर गप.

मग... "पाणी."

...

"भाकरी."

...

"कवाड."

रोजचा धडा. त्याच वळीनं. काकीचा हात थांबला.

"तारा. कवाड काढ."

तिनं मागं बघितलं. अंधार. बाजेवर कोणतरी हुतं. श्वास ऐकू येत हुता...

आप्पा तर आतच हुता.

कवाड हललं. काकीचा हात तसाच कडीवर. निघंना. आन् तिच्या मनगटावर दुसरा हात पडला. उजवा. मेलेला. आप्पा सरपटत आलता, घामानं भिजलेला. जखम झाल्यापास्नं पैल्यांदा त्याचं तोंड उघडलं.

"नको."

पोरानू, त्यो शब्द काकीनं त्याला शिकीवलाच न्हवता.

कोंबडा आरवंस्तोवर दोघं कवाडाला पाठ लावून बसली. भायेर धडा चालूच हुता.

पुढं आप्पा बोलाय लागला. मळ्यात जाय लागला. काकीला वळखायचा, तिच्याबिगर घास घेत न्हवता. पर "तारा" काय त्याच्या तोंडात मरूस्तोवर आलं न्हाय. लई झटायचा. ओठ हलायचं, डोळ्यात पाणी यायचं. काकी त्याच्या तोंडावर हात ठेवायची. "ऱ्हाऊ द्या," म्हणायची, "त्यो शब्द आता आपला न्हाय."

आन् त्याच सकाळी, कोंबडा आरवल्यावर, काकी परसात गेली. एरवी तिकडं कोण फिरकत न्हवतं. वैशाखाचं ऊन, गावभर भुई तडकलेली. खिडकीखाली मातर वलं हुतं. हिरीच्या गाळाचा वास. एका रातीचं न्हवं त्ये. रोज, वरीसभर, कोणतरी भिंतीला पाठ टेकून बसल्यागत तिथली माती चोपून गुळगुळीत झालती.