शंभरपैकी शंभर

दर शनिवारी चहाच्या आधी करवतीचा निकाल लागायचा. परतवाड्याच्या लाकूडबाजारात ही रीत नवीनच, पण तीन महिन्यांत ती अशी अंगवळणी पडली होती की निकाल ऐकल्याशिवाय कारखान्यात कोणाच्या घशाखाली चहा उतरेना. मशीनवरचा छोटा पडदा उजळायचा आणि करवत बाईच्या मंजुळ आवाजात सांगायची, आठवडाभरात कोणाचा हात किती वेळा पात्याजवळ गेला आणि त्याचे किती गुण कापले.

"किशोर, एकसष्ट. नितीन, अठ्ठावन्न. देवीदास, शंभरपैकी शंभर."

"घ्या! पुन्हा शंभर!" किशोरनं कपाळावर हात मारला. "मिस्त्री, तुमी हिले चोरून काई खाऊ घालता काय?"

देवीदास वाढई मिशीतल्या मिशीत हसला. साठीचा माणूस, चाळीस वर्षं सागवानात गेलेली, आणि आता म्हातारपणी वर्गात पहिला नंबर! शाळेत असताना मास्तरांनी त्याला कधी पस्तीसच्या वर जाऊ दिलं नव्हतं. सुख म्हणजे आणखी काय असतं हो?

ही करवत साधीसुधी नव्हती. सरकारनं जुन्या उघड्या गोल करवती बंद केल्यावर बाजारातल्या चौदाही कारखान्यांत ती आली. पात्याच्या वर तिला दोन डोळे होते, म्हणजे कॅमेरेच. खालचं लाकूड कोणतं आणि हात कोणता, हे ती सतत बघत असे. हात पात्यापासून वीतभर अंतरावर आला की 'ठक्' असा आवाज व्हायचा आणि फिरतं पातं पापणी लवायच्या आत टेबलाखाली जाऊन बसायचं. आधी आलेल्या काही मशीनना स्पर्श कळायचा, पण ओलं लाकूडही त्यांना बोटासारखंच वाटायचं. दिवसातून दहादा उगीच बंद पडतात म्हणून लोकांनी त्यांची ती अक्कलच काढून ठेवली होती. या नव्या बाईसाहेब मात्र नजरेवर चालायच्या.

देवीदासला या शहाणपणाची किंमत दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षांपूर्वी त्यानं घाईत पात्यावरची जाळी काढून फळी रेटली. फळी पात्यात अडकून उलटी उसळली, हात पुढे ओढला गेला, आणि डाव्या हाताची करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाचं अर्धं पेर गेलं. त्यात गडी डावखुरा. हात बरा झाल्यावर पहिल्याच दिवशी त्यानं टोकाला खाच पाडलेली एक हातभर काठी केली. फळीचा शेवटचा तुकडा बोटांनी नाही, काठीनं ढकलायचा. बावीस वर्षं ती काठी त्याच्या हातातून सुटली नाही. नव्या मशीनवरही पहिला महिना त्यानं तीच वापरली आणि शंभर गुण मिळवले. मग एक दिवस ती घ्यायची राहिली. तरी शंभर. दुसऱ्या दिवशीही राहिली. तरी शंभरच. आपला हात आता इतका साफ बसलाय की पातंसुद्धा आपल्याला मानतं, असं त्याला वाटू लागलं. काठी खिळ्यावर लटकली ती लटकलीच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, विश्वकर्मा जयंती होती. त्या दिवशी बाजारातली सगळी यंत्रं थांबतात, हत्यारांना हळदकुंकू लागतं आणि सुतार मंडळी समाजाच्या सभागृहात जेवायला जमतात. यंदा तिथं 'सर्वांत सावध कारागीर' म्हणून देवीदासला शाल आणि नारळ मिळायचा होता. बायकोनं त्याचा पांढरा सदरा दोनदा इस्त्री करून ठेवला होता.

चहा होतो न होतो तोच प्राची तायडे आली. अमरावतीची मुलगी, मशीन बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर दाखवायला तिला देवीदासच्या कामाची छोटी फिल्म हवी होती.

"काका, नेहमीसारखं काम करा. मी करवतीच्याच डोळ्यांनी बघते," ती लॅपटॉप उघडत म्हणाली.

देवीदासनं गॉगल चढवला, बाह्या दुमडल्या, पात्याच्या सरळ रेषेतून बाजूला सरकून उभा राहिला आणि फळी लावली. प्राचीच्या पडद्यावर फळीभोवती पिवळी रेघ उमटली, उजव्या हाताभोवती हिरवी. डावा हात फळी रेटत पुढे आला. पात्यापासून वीतभर. मग चार बोटांच्या अंतरावर. मग दोन.

प्राचीनं झेप घेऊन लाल बटण दाबलं.

"काहून वं? काय झालं?" देवीदास दचकून म्हणाला.

तिचा चेहरा पांढराफटक. तिनं लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. डाव्या हाताभोवतीही रेघ होती, पण पिवळी. आणि तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: लाकूड.

"माझा हात... लाकूड?"

"काका, हिला हात ओळखायला शिकवताना आम्ही दोन लाख फोटो दाखवले," प्राची हळू आवाजात म्हणाली. "सगळे पाच बोटांचे. असा हात तिनं कधी पाहिलाच नाही. तुमच्या हातासाठी ती एकदाही थांबली नाही, कारण तिच्या लेखी तिथं हात नव्हताच."

देवीदास स्टुलावर बसला. दोन महिने तो मुठीत जीव घेऊन नाही, छाती फुगवून काम करत होता. काठी खिळ्यावर टांगून! दोन बोटांवर पातं! खरं सांगायचं तर, त्याला रडूच आलं. हात वाचल्याचं होतं की शंभर गुण खोटे निघाल्याचं, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

"मी आजच कंपनीला कळवते. उद्याचा सत्कार रद्द करायला सांगू का?"

देवीदासनं डोळे पुसले. शेजारच्या कारखान्यातला रशीदभाई त्याच्या डोळ्यांसमोर आला. त्याला अंगठा नव्हता, आणि गुण शंभर. दोघं बरोबरीनं फुशारक्या मारायचे.

"रद्द नको," तो म्हणाला. "होऊ दे. मले त्या माइकवर दोन गोष्टी बोलायच्या हायेत."

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. झेंडूच्या माळा घातलेली एक करवत मंचावर ठेवली होती, पातं काढलेली. देवीदासच्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या झाल्या. तो माइकपाशी गेला आणि घसा खाकरून म्हणाला, "मशीन ज्याले ज्याले दर हप्त्याले शंभर गुण देते, त्यानं फळी रेटायचा हात वर करा बरं."

लोक हसले. मग ऐटीत एकेक हात वर गेला. रशीदभाईचा, आरागिरणीतल्या गणपतचा, मागच्या रांगेतून आणखी. देवीदासचा स्वतःचा धरून अकरा झाले.

"आता सगळ्यांनी जरा त्या हाताइकडे पाहा."

हसू हळूहळू विरलं. अकरा हातांत पाच बोटांचा एकही नव्हता.

देवीदासनं मग सगळं सांगितलं, काठी खिळ्यावर टांगल्याचंही. आपल्या मूर्खपणाचा पाढा भर सभेत वाचायला त्याला लाज वाटली, पण तो थांबला नाही. रशीदभाईनं वर केलेला हात खाली घेतला आणि कितीतरी वेळ उलटासुलटा करून पाहत बसला. "अरे बाप रे," एवढंच म्हणाला. "काल तर मी पाटाच्या पट्ट्या कापत होतो."

असे हात करवतीला शिकवायचे म्हणून प्राचीनं तिचे नुसते डोळे चालू केले. जेवणाच्या पंगती थांबल्या आणि करवतीपुढे रांग लागली. अंगठा गेलेले, पेरं गेलेली, उरलेलं बोट वाकडं जुळलेले. प्रत्येकानं हात उलटा धरला, सुलटा धरला, भुसा लावून धरला, हळदकुंकू लागलेला धरला. बावीस वर्षं फोटोत डावा हात खिशात घालणारा देवीदास सगळ्यात आधी पुढे झाला, आणि पोरांना ओरडून सांगत होता, "अबे, लपवू नका, नीट दाखवा तिले!" पंगत बसायला चार वाजले. वरणभात गार झाला, पण कोणी कुरकुर केली नाही.

संध्याकाळी ते सगळे फोटो करवतीला शिकवून झाल्यावर प्राची म्हणाली, "काका, एकदा बघा."

पातं बसायच्या रिकाम्या खाचेकडे देवीदासनं डावा हात नेला. वीतभर अंतर उरलं आणि 'ठक्'! पडद्यावर तीन बोटांच्या त्या वेड्यावाकड्या पंजाभोवती हिरवी रेघ उमटली. तो खुळ्यासारखा हसत सुटला. पुन्हा हात नेला, पुन्हा ठक्. त्यानं ते सहा-सात वेळा केलं. कोणी त्याला अडवलं नाही.

पुढच्या शनिवारी करवत म्हणाली, "देवीदास, बहात्तर." किशोरनं शिट्टी मारली. देवीदासनं सगळ्यांना स्वतःच्या पैशानं पेढे वाटले. काठी खिळ्यावरून उतरून पुन्हा त्याच्या हातात आली होती. पुढे गुण वाढले तर तिच्यामुळेच वाढायचे होते.

दुपारी प्राचीचा फोन आला. अकरा हातांची ती शिकवण देशभरातल्या साडेचार हजार करवतींपर्यंत पोचली होती.

"लय चांगलं झालं पोरी," देवीदास म्हणाला. "पण कोणाचा हात भाजलेला असन, कोणाले सहा बोटं असतीन. आमी इथं अकरा होतो, म्हणून एकमेकाले दिसलो. जो कुठंतरी एकलाच असन, त्याचं काय? त्याले तर दर शनिवारी शंभर पडत असतीन. तो आज आपली काठी खिळ्याले टांगून ऱ्हायला असन, तर त्याले कोण सांगन?"